टॉवेलाखालचा भाव आणि खिशातला चुगलखोर

काष्टीचा शनिवार जनावरांचा. श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावात त्या दिवशी टेम्पो, पिकअप आणि शेपट्या यांची अशी दाटी होते, की परक्या माणसाला रस्ता कुठे संपला आणि बाजार कुठे लागला तेच कळत नाही. बैलाचे दात बघून होतात, पाठीवर थाप मारून होते, दोन पावलं चालवून होतं. मग घेणारा आणि देणारा हात पुढे करतात, एकाच्या खांद्यावरचा टॉवेल त्या हातांवर पडतो आणि पुढचं बोलणं बोटं करतात. किती बोटं धरली, कशी दाबली, यावरून आकडा. तो हजाराचा की शेकड्याचा, हे समोर उभं असलेलं जनावर बघून दोघांनाही ठाऊक असतं. भोवती आठ-दहा जण माना लांब करून उभे. त्यांच्या कानावर पडतं ते एवढंच : ‘काय पाव्हणं, चेष्टा करता का?’ आणि ‘तुमचंबी नको, माझंबी नको, मधलं धरा.’ कशाच्या मधलं, ते टॉवेलाला माहीत.

ही गुप्तता हौसेची नाही. ही जोडी कितीला गेली हे फुटलं, तर शेजारच्या दावणीचा भाव तिथेच ठरून बसतो. शिवाय पैसे आले म्हटल्यावर ज्यांना अचानक आपली आठवण येते, अशी माणसं प्रत्येक गावात असतात आणि ती बाजारालाही हमखास आलेली असतात.

इतक्यात टॉवेलाखाली सौदा करणाऱ्या त्याच माणसाचा फोन वाजतो. पलीकडे पार्सलवाला, त्याला ओटीपी हवा असतो. ज्याने आत्ताच पाच हजारांची घासाघीस जीव मुठीत धरून झाकली, तो गडी गाईंच्या हंबरण्यावर आवाज चढवून एकेक आकडा ओरडतो. पलीकडे नीट ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा ओरडतो. बाजारातली जनावरंसुद्धा तो पाठ करून घरी जात असतील.

फोनची गुपितं तशीही पहिल्या दिवसापासून गावात असतात. नवा फोन घेतला, की दुकानातला पोऱ्या तिथेच जीमेलचं खातं उघडून देतो. पासवर्ड म्हणजे मालकाचं नाव आणि पुढे १२३. तो खोक्यावर पेनाने लिहून ठेवलेला असतो, कारण विसरला तर पुन्हा दुकानात यायला लागतं आणि पोऱ्याला काम असतं. स्क्रीन उघडायची नक्षी बहुतेक इंग्रजी एल किंवा झेड. ती घरातल्या नातवंडांना, शेजारच्या नातवंडांना आणि शाळेतून सहज डोकावलेल्या इतर नातवंडांनाही येते.

यावरून गावाकडच्या माणसाला खासगीपणाची जाण नाही, असा निष्कर्ष शहरातले शहाणे फार लवकर काढतात. तो चुकीचा आहे. जाण पुष्कळ आहे, फक्त तिचं तोंड भावकीकडे आहे. बैलाची किंमत, मुलीला आलेलं स्थळ, सोसायटीची थकबाकी हे सगळं ओळखीच्या माणसापासून लपवायचं असतं, कारण नुकसान करण्याची ताकद ओळखीच्यातच असते. कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा कंपनीला आपली थकबाकी कळली, तर ती काय लग्नात येऊन टोमणा मारणार आहे?

ब्राउझरमधल्या ‘इन्कॉग्निटो’ खिडकीचा खप याच समजुतीवर आहे. ती खिडकी बंद केली की फोनवर मागे इतिहास उरत नाही, म्हणजे फोन मागून घेणाऱ्या बायकोला आणि भाच्याला काही दिसत नाही. ज्या साइटला भेट दिली तिला भेट झाल्याचं कळतंच. हे न कळलेले लोक अमेरिकेतही निघाले. २०२०मध्ये तिथे गूगलवर खटला झाला आणि २०२४च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. खिडकीवरची सूचनाही तिला जास्त स्पष्ट करावी लागली. काष्टीच्या भाषेत सांगायचं तर दार घरच्यांसाठी लावलं होतं, भिंत मुळात नव्हतीच.

आता एक लाडका संशय. ‘फोन ऐकतो.’ पारावर गोचिडाच्या औषधाचा विषय निघाला आणि संध्याकाळी फोनवर गोचिडाच्या औषधाची जाहिरात आली, हा अनुभव सांगणारा माणूस प्रत्येक गावात आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासले. गुपचूप माइक चालू करून बोलणं बाहेर पाठवणारा एकही सापडला नाही. काही ॲप मात्र स्क्रीनवर काय चाललंय त्याची चित्रं आणि चित्रफिती तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडले.

म्हणजे ऐकण्याची गरजच उरलेली नाही. माणूस पारावर काय बोलतो याला काही अर्थ नसतो, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. जाहिरातवाल्यांना ते अलीकडे कळलं. फोन कुठे थांबला, कोणत्या वायफायवर कोणाच्या फोनसोबत होता, बोटाने कुठे दाबलं, कोणत्या व्हिडिओवर किती वेळ रेंगाळलं, एवढं पुरतं. पारावरच्या चौघांपैकी एकाने जरी घरी जाऊन गोचिडाचं औषध शोधलं, तरी उरलेल्या तिघांच्या गोठ्यातही गोचीड असणार, हा हिशेब यंत्राला जमतो. तो चुकतोही, पण चुकलेल्या जाहिराती कोणाच्या लक्षात राहतात?

हा हिशेब नावाने चालत नाही, बिल्ल्याने चालतो. बिल्ला ही गोष्ट काष्टीच्या बाजाराला नवी नाही. १ जून २०२४पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद झाली. पिवळा बिल्ला, त्यावर १२ आकडे, आधारला असतात तितकेच. तो क्रमांक टाकला की जात, लस, मालक सगळं सरकारच्या ‘भारत पशुधन’ नोंदीत निघतं. बिल्ला मारताना बैलाने मान झटकली, तर निदान त्याचा निषेध नोंदला जातो. मालकाच्या अँड्रॉइड फोनला असतो जाहिरातीचा ओळख क्रमांक, अक्षरं-आकडे मिळून ३२. तो मारताना कोणी मान झटकल्याचं ऐकिवात नाही. हा क्रमांक सेटिंगमध्ये जाऊन, गोपनीयतेत जाऊन, जाहिरातींत जाऊन कायमचा पुसता येतो, ही सोय बैलाला नाही. पण तिथवर जाणारी माणसंही फार नाहीत.

परवानगीची गंमत तर वेगळीच. शेतीपंपाला वीज रात्रीची, उसात बिबट्याची धास्ती, म्हणून मोटार चालू करायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी लागतेच. फोनमध्ये आयती बॅटरी नव्हती तेव्हा तिचे ॲप मिळायचे. त्यातला ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ जगात कोट्यवधी फोनांत गेला होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१३मध्ये त्याला पकडलं, कारण तो उजेड पाडता पाडता माणूस नेमका कुठे उभा आहे हे जाहिरात कंपन्यांना कळवत होता. अटी मान्य आहेत की नाहीत, हे विचारणारी बटणंही होती. पण माणसाने बटण दाबायच्या आतच माहिती निघालेली असायची. नकाराचं बटण शोभेचं होतं. बिबट्या कुठे आहे हे मात्र त्या बॅटरीने कोणालाच कळवलं नाही.

परक्याला कळलं तर काय बिघडतं, या समजुतीला पहिला खरा तडा कर्ज देणाऱ्या ॲपनी दिला. पाच मिनिटांत पाच-दहा हजार, कागद नाही, जामीन नाही, फक्त संपर्कयादी आणि फोटो बघायची परवानगी. हप्ता चुकला की ॲपवाले नुसत्या कर्जदाराला फोन करून थांबत नसत. त्याच्या मेहुण्याला करत, सरांना करत, गल्लीतल्या किराणावाल्याला करत. करोनाच्या काळात देशभर हा छळ माजला, काहींनी जीव दिला. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केले आणि कर्जाच्या ॲपनी संपर्कयादी, कॉलच्या नोंदी, फोटोंच्या फाइल यांना हात लावायचा नाही असं बजावलं. जी गोष्ट भावकीपासून झाकायची, ती परका थेट भावकीला सांगू शकतो, कारण भावकीची यादी आपणच त्याच्या हातात दिलेली असते. स्वतः साधा बटणांचा फोन वापरणारे म्हातारबाबाही यातून सुटत नाहीत. त्यांचा नंबर ‘आबा उधारी’ या नावाने दुसऱ्याच्या फोनमध्ये असतोच.

ब्राउझरची कथा जुनी आहे आणि तिच्यात खलनायकापेक्षा घाईत असलेली माणसंच जास्त आहेत. साइटला गिऱ्हाईक ओळखता यावं म्हणून नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली याने १९९४मध्ये कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवायची छोटी चिठ्ठी, काढली. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीत ब्रेंडन आइक याने जावास्क्रिप्ट ही भाषा दहा दिवसांत उभी केली. आपल्याकडे दहाव्यापर्यंत पाहुण्यांची जेवणंही आटोपत नाहीत. एवढ्यात त्याने जे उभं केलं, त्याने पुढे साऱ्या जगाची पानं हलू लागली.

ती फारच हलू लागली. कांद्याचा भाव बघायला एखादं पान उघडावं. हवा असतो एक आकडा. पानासोबत स्क्रिप्टांची, म्हणजे याच भाषेतल्या छोट्या प्रोग्रामांची, वरात येते. एक मोजणारी, एक जाहिरात लावणारी, एक जाहिरात बघितली का ते बघणारी, एक बोट कुठे थांबलं ते टिपणारी, आणि एक कोपऱ्यात व्हिडिओ लावणारी, जिची बंद करायची फुली मोहरीएवढी असते. यातल्या बऱ्याच त्या साइटच्या स्वतःच्या नसतात. आणि शेवटी भाव दिसतो तो कालचा.

यावर उतारा काढणारेही निघाले. इटलीच्या जॉर्जो माओने याने २००५मध्ये फायरफॉक्ससाठी ‘नोस्क्रिप्ट’ काढलं. नियम एकच : सांगितल्याशिवाय कोणीही आत यायचं नाही. तत्त्व उत्तम. वापरायला गेलं की पहिलं पान कोरं दिसतं. मग यादी उघडून एकेका पाहुण्याला आत सोडायचं. पहिल्याला सोडलं की मजकूर येतो, दुसऱ्याला सोडलं की चित्र येतं, पण ज्या बटणासाठी सगळा खटाटोप ते कोणाच्या हाती आहे हे कळत नाही. यादीतली नावं अशी, की मित्र कोण आणि चुगलखोर कोण ते त्यांच्या आईलाही सांगता येऊ नये. शेवटी वैतागून माणूस ‘सगळ्यांना येऊ द्या’वर बोट ठेवतो आणि सावध नागरिकाचा दिवस संपतो.

रेमंड हिल याचं ‘यूब्लॉक ओरिजिन’ २०१४पासून आहे आणि त्याची रीत सोसवणारी आहे. माहीत असलेल्या उपद्रवींच्या याद्या लोकांनीच तयार केलेल्या, त्यातले अडवायचे, बाकी जाऊ द्यायचे. हा गृहस्थ देणगी घेत नाही. पावतीपुस्तक घेऊन दारात येणाऱ्या मंडळांच्या मुलखात हे मुद्दाम सांगायला हवं. फोनवर ते फायरफॉक्समध्ये चालतं. अँड्रॉइडवरचा क्रोम असली जोड स्वीकारतच नाही. संगणकावरच्या क्रोमनेही २०२४-२५मध्ये जोडण्यांचे नियम बदलले आणि मूळ यूब्लॉक तिथून बाद झालं, त्याचं ‘लाइट’ भावंड तेवढं उरलं. क्रोम गूगलचा, आणि जाहिरात विकणाऱ्यांत गूगलएवढा मोठा दुकानदार नाही. टॉवेल विकणाऱ्यालाच बोटं बघायची हौस असेल तर तो विणीत जरा भोकं ठेवणारच. तिसऱ्याच कंपनीच्या कुक्या दोन वर्षांत बंद करतो, असं याच गूगलने जानेवारी २०२०मध्ये जाहीर केलं होतं. मग पुढची तारीख, मग त्यापुढची, आणि जुलै २०२४मध्ये बेतच मागे घेतला. ‘पुढच्या शनिवारी नक्की देतो’ ऐकून ज्यांचे केस पांढरे झाले, त्या व्यापाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

यातलं सगळ्यात मजेशीर पात्र मात्र ब्रेंडन आइकच. २०१५मध्ये त्याने एका सहकाऱ्यासोबत ‘ब्रेव्ह’ची कंपनी काढली. तिचा ब्राउझर फोनवरही चालतो, जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टा अडवतो, आणि त्यात स्क्रिप्टच बंद करायचं बटण आहे. दहा दिवसांत जे उभं केलं ते बंद करायचं बटण द्यायला त्याला वीस वर्षं लागली.

आणखी एक साधा उपाय अँड्रॉइडमध्ये २०१८पासून आहे, ‘प्रायव्हेट डीएनएस’. तिथे जाहिराती गाळणाऱ्या एखाद्या सेवेचं नाव एकदा लिहिलं, की ब्राउझरच नव्हे, ॲपमधल्याही बऱ्याच चुगलखोरांना जायचा पत्ताच मिळत नाही. कधीतरी नको ते पानही अडतं, मग घरातला इंजिनिअर पोरगा दोषी ठरतो.

यानंतर माणसाला वाटतं, आता आपण गर्दीत मिसळलो. तिथे वेगळाच पेच उभा राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१०मध्ये सुमारे पावणेपाच लाख ब्राउझर तपासले, तर त्यातले ८३.६ टक्के इतर सगळ्यांहून वेगळे ओळखता आले. कुकी नको, नाव नको. ब्राउझरची आवृत्ती, स्क्रीनची मापं, बसवलेले फॉन्ट यांची नुसती गोळाबेरीज पुरली. फोनची बॅटरी किती टक्के उरली हेसुद्धा ओळखीला उपयोगी पडतं, असं निघाल्यावर फायरफॉक्सने २०१७मध्ये ती माहिती देणंच बंद केलं. ब्राउझर आपली भाषाही सांगतो. म्हणजे ज्याने अभिमानाने फोन मराठीत ठेवला, तो जगाच्या गर्दीत आणखी उठून दिसतो. मराठी पाऊल पुढे पडतं ते कंपनीच्या नोंदवहीत आधी. ‘माझा माग काढू नका’ अशी विनंती पाठवायची सोयही ब्राउझरांत होती. ती पाळायचं बंधन कोणावर नव्हतं, म्हणून जवळपास कोणी पाळली नाही. उलट विनंती करणाऱ्याला त्या विनंतीवरूनच ओळखता येतं, म्हणून ॲपलने २०१९मध्ये ती काढून टाकली.

एवढे सगळे डाव झाल्यावर जून २०२५मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एक प्रकार उजेडात आणला. अँड्रॉइड फोनमधले फेसबुक आणि इन्स्टाग्राम हे ॲप मागच्या मागे फोनच्याच एका आतल्या दारापाशी कान लावून बसत. ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडली आणि तिच्यात मेटा कंपनीची स्क्रिप्ट असली, की ती त्याच दारातून ब्राउझरमधली ओळख आपल्या ॲपच्या हातात सरकवे. ॲपला माणूस नावानिशी माहीत, स्क्रिप्टला त्याने काय पाहिलं ते माहीत. इन्कॉग्निटो, कुकी पुसणं, सगळं बाजूला राहिलं. रशियातल्या यांडेक्सचे ॲप असलंच काम २०१७पासून करत आले होते. बातमी फुटली त्याच दिवशी मेटाने हा उद्योग थांबवला. बोटं टॉवेलाखालीच चालली होती, फक्त इथे टॉवेल त्यांचा, दोन्ही हात त्यांचे, आणि बैल आपण.

कायदा आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निवाडा एकमताने दिला. २०२३मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम निघाले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून अठरा महिने ठेवले. चुकणाऱ्या कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. गावासाठी खरी बातमी अशी, की परवानगी मागणारी सूचना राज्यघटनेतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मागता येईल, म्हणजे मराठीतही. ती मराठी कोण लिहिणार, यावर बरंच अवलंबून आहे. ‘विदा विश्वस्ताने प्रक्रियेच्या प्रयोजनार्थ’ अशी सुरुवात झाली, तर वाचणारा दुसऱ्या शब्दाआधीच ‘मान्य’ दाबून मोकळा होईल. इंग्रजी येणाऱ्यांचीही कथा वेगळी नाही. भेट दिलेल्या प्रत्येक साइटचं गोपनीयता धोरण वाचायचं ठरवलं, तर वर्षाला दोनशे तासांहून जास्त लागतील, असा हिशेब कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघींनी २००८मध्येच मांडला होता.

तरी समजा, बाजाराला येणाऱ्या एखाद्या तात्यांचा पुण्याला शिकणारा नातू दिवाळीला घरी आला आणि त्याने एका दुपारी आजोबांचा फोन झाडून काढला. जाहिरातीचा क्रमांक पुसला, बॅटरीचा जुना ॲप उडवला, गूगलमध्ये जाहिरातींसाठी माहिती वापरायची परवानगी बंद केली, नकाशाला ‘वापरताना फक्त’ एवढीच मुभा ठेवली. आठवडाभर सगळं ठीक चालतं. मग तात्यांच्या लक्षात येतं, की फोनवर आता ट्रॅक्टर येत नाही, पेंड येत नाही, गोचिडाचं औषधही येत नाही. दुबईचे फ्लॅट येतात, लहान बाळांचे लंगोट येतात, केस वाढवायचं तेल येतं. तात्यांचं टक्कल तर सगळ्या बाजाराला माहीत. तात्या फोन घेऊन दुकानात जातात.

‘पोरा, ह्याला काय झालं बघ. पहिलं सगळं कामाचं दाखवायचा. आता कायबी दाखवतो. माणूस ओळखायचा बंद झालाय.’

‘थांबा, बघतो,’ पोऱ्या म्हणतो. ‘लॉक काय आहे? तोच एल ना?’